त्या उन्हाळ्याची मागणी-नोंदवही

परीक्षा सुरू झाल्या की आमच्या ग्रंथालयातल्या खुर्च्या जातात. शिपाई हातगाडी घेऊन येतात, एकीवर एक खुर्च्या रचतात आणि परीक्षेच्या हॉलकडे ढकलत नेतात. मागे उरतात लांब टेबलं, फरशीवर खुर्च्यांच्या पायांचे ओरखडे आणि उघड्या खिडक्यांतून येणारी झळ. नांदुऱ्याचा चैत्र असाच येतो. स्टेशनातून सुटलेल्या मालगाडीचा धडधडाट थेट वाचनकक्षात शिरतो. जिनिंगमधून उडालेला कापूस खिडकीच्या जाळीला चिकटून बसतो. पुस्तकांच्या पाठींवरून हात फिरवावा तर त्या तापलेल्या लागतात, ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारख्या.

यंदाही खुर्च्या गेल्या. रिकाम्या कक्षात मी एकटीच उभी होते आणि तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा समोर येऊन ठाकला. तो दरवर्षी येतो. इतकी वर्षं मी त्याला चुकवत आले. काहीतरी काम काढायचं, जुन्या मासिकांचे गठ्ठे सोडायचे, पुन्हा बांधायचे. यंदा चुकवता आला नाही.

ती आली तेव्हा साडेअकरा वाजले असतील. संग्रामपूरजवळच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आली होती. ओढणी तोंडाला घट्ट गुंडाळलेली, नुसते डोळे दिसतील एवढी. उन्हाळ्यात आमच्याकडच्या सगळ्याच मुली गुंडाळतात तशी. ओढणी सोडून तिने आधी पाणी मागितलं. दोन पेले सलग प्याली. मग म्हणाली, "मॅडम, मी अश्विनी. पुण्याहून पीएच.डी. करून राह्यली. स्पॅनिश भाषेतल्या खुनाच्या, गुन्ह्याच्या कादंबऱ्या असतात ना, त्यातल्या बायांवर. तुमच्याकडे काही भेटन का?"

पंचवीस वर्षं मी ग्रंथपाल आहे. स्पर्धा परीक्षेची गाइडं, संत्र्यावरच्या रोगांची पुस्तकं, वक्तृत्वाची भाषणं, हे सगळं मागायला माणसं येतात. असं कोणी मागितलं नव्हतं. मला हसू आलं, पण तिचा चेहरा पाहून ते आतच राहिलं.

"बसायले खुर्ची नाही वं बाई," मी म्हटलं. "परीक्षा सुरू हायेत."

"चालते मॅडम. मी उभीच राहते."

पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक असतात. मराठी साहित्याचा ८९१.४६, तो मी झोपेतही सांगेन. स्पॅनिश कादंबरीचा ८६३. हा क्रमांक शिकताना पाठ केला होता, पण नोकरीत एकदाही कुठल्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटवला नव्हता. तरी तिला कपाटापर्यंत नेलं. इंग्रजी साहित्य संपतं आणि संस्कृत सुरू होतं, त्यांच्यामध्ये चार बोटांची फट होती.

"असतं, तर अथी असतं," मी दाखवलं.

तिने त्या फटीत हात घालून पाहिला. म्हणाली, "धूळ तर नाही मॅडम."

"रोज पुसते ना."

ती हसली. त्या उन्हाळ्यात मी तिला हसताना दोन-तीनदाच पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ.

गावात तिला इंटरनेट मिळत नव्हतं. मोबाइलला रेंज यायची ती गच्चीवर, तीही पहाटे. आमच्या कॉलेजने संशोधनाच्या नियतकालिकांची वर्गणी भरलेली होती आणि ती वापरणारं कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या संगणकावर मी तिला बसवलं. माझी स्वतःची खुर्ची दिली आणि मी पुस्तकांच्या घडवंचीवर बसले. आठवड्यातून तीन दिवस ती यायची. चैत्र सरला, वैशाख लागला. कूलरमध्ये पाणी ओतायचं, वाळा भिजवायचा आणि शोधायला बसायचं, हा आमचा दिनक्रम झाला.

शोधायचं कसं, हे तिला शिकवता शिकवता मीच शिकले. ग्रंथालयात शब्द चुकला की पुस्तक सापडत नाही. ते असतं, पण तुमच्यासाठी नसतं. 'गुप्तहेर कथा' म्हणून शोधलं की एक गठ्ठा निघायचा, 'पोलिसी कादंबरी' म्हटलं की दुसरा. मग ती म्हणाली, त्यांच्याकडे या कादंबरीला 'नोव्हेला नेग्रा' म्हणतात, म्हणजे काळी कादंबरी. तो शब्द टाकला आणि पडदा भरून गेला. मी बघत राहिले. आमच्याकडे काळी म्हटलं की जमीन डोळ्यांपुढे येते.

पण त्या गर्दीत बायका कुठे होत्या? लेखिका शोधायच्या तर एक वाट, तपास करणाऱ्या बायका शोधायच्या तर दुसरी, आणि मेलेल्या बायका शोधायच्या तर शोधावंच लागत नव्हतं, त्या प्रत्येक पानावर होत्या. एका जाड समीक्षाग्रंथाची शेवटची सूची आमच्या हाती आली. तीत 'स्त्रिया' या शब्दापुढे पानांचे आकडेच नव्हते. लिहिलं होतं, "पाहा: बळी."

अशा 'पाहा' नोंदी मी जन्मभर केल्या आहेत. 'ऊस, पाहा: नगदी पिके.' 'ज्वारी, पाहा: तृणधान्ये.' त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी आणि अश्विनी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो. मग तिने ती ओळ वहीत उतरवून घेतली, पानाच्या आकड्यासकट.

समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठातल्या ग्रंथपाल बाईंना आम्ही ई-मेलने पत्र पाठवलं. मजकूर अश्विनीने स्पॅनिशमध्ये लिहिला, खाली नाव माझं, हुद्दा माझा. मला वाटलं, नांदुऱ्याच्या पत्राला कोण विचारतं! दोन दिवसांत उत्तर आलं. तीन प्रकरणांची पानं स्वच्छ स्कॅन करून पाठवलेली आणि शेवटी शुभेच्छा. अश्विनीने मराठी करून सांगितलं, "लिहितात, तुमच्याकडे फार ऊन असते असं ऐकलं, जपून राहा." मी त्या पत्राची प्रत काढली आणि मागणी-नोंदवहीत टाचून ठेवली. कोणी काय मागितलं, कुठून आणवलं, कशाची झेरॉक्स काढली, हे मी त्या वहीत लिहीत असे. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही. अक्षर माझं चांगलं आहे. त्या वहीचा मला अभिमान होता, हे आज लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच घडलं.

हा विषय कसा सुचला, हे मी तिला एकदा विचारलं. ती डबा खात होती. ज्वारीची भाकर आणि ठेचा. खाता खाता थांबली.

"वर्षाताईनं देला," म्हणाली.

वर्षा तिची मोठी बहीण. पुण्याला शिकायला पाठवायचं की नाही यावरून घरात तीन दिवस भांडण झालं, तेव्हा वर्षानेच बापाला सांगितलं होतं, "माह्यं राह्यलं ते राह्यलं, तिले जाऊ द्या." वर्षाचं लग्न झालं होतं, पूर्णाकाठच्या एका गावात. रोज दुपारी भांडी घासून झाली की ती अश्विनीला फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "आज कोणाले मारलं वं?" मग अश्विनी जी कादंबरी वाचत असेल ती वऱ्हाडीत सांगायची. इन्स्पेक्टरची बायको, दारूचा गुत्ता, बंदरावरचा पाऊस, सगळं आमच्या बोलीत. वर्षाला ते फार आवडायचं. एका कादंबरीची सुरुवात नदीत सापडलेल्या बाईच्या प्रेताने होत होती. वर्षाने विचारलं, "नाव काय तिचं?"

"नाव नाही सांगतलं."

"शेवटी सांगतात काय?"

"शेवटीही नाही."

"मेली ते, अन् तिचं नावच नाही? हे कायचं पुस्तक वं!"

"त्या दिवशी मी गाइड सरांले विषय सांगतला," अश्विनी म्हणाली. डब्याचं झाकण लावलं. भाकर अर्धी तशीच राहिली होती. "आता ताई नाही मॅडम. पौष महिन्यात गेली. विहिरीत सापडली."

बाहेर परीक्षेची घंटा झाली, मुलं हॉलमधून गलका करत निघाली, कोणीतरी कोणाला तरी चौथ्या प्रश्नाचं उत्तर विचारत होतं.

विहिरीत सापडलेल्या बायका आमच्या जिल्ह्याला नव्या नाहीत. वर्तमानपत्रात तीन ओळी येतात. 'विवाहितेचा संशयास्पद मृत्यू' किंवा 'पाय घसरून विवाहिता विहिरीत.' खाली लगेच बाजार समितीचे भाव. मी रोज सकाळी वर्तमानपत्रं फाइलला लावते. अशा किती ओळी माझ्या हातांखालून गेल्या असतील. अश्विनीने मला त्या उन्हाळ्यात एक शब्द शिकवला, 'फेमिनिसिदिओ'. बाई आहे म्हणून बाईला मारणं. "त्यायच्या भाषेत याले एक शब्द हाये मॅडम. शब्द असला म्हणजे पोलिसांच्या कागदावर लिहिता येते. आपल्याकडे काय लिहितात?" मी आठवून पाहिलं. आपल्याकडे 'अकस्मात मृत्यू' लिहितात.

लग्नाला सात वर्षं झाली नव्हती, म्हणून वर्षाचा पंचनामा तहसीलदारांसमोर झाला होता. त्याची नक्कल अश्विनीने मिळवली होती. एक दिवस तिने ती माझ्यापुढे ठेवली. प्रबंधाच्या कागदांत, दोन स्कॅन केलेल्या प्रकरणांच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.

"वाचा," म्हणाली. "कादंबरी वाचतात तशी वाचा."

सासरच्यांचा जबाब होता. 'मयत ही सकाळी शेतातील विहिरीवर पिण्याचे पाणी आणणेकरिता गेली असता पाय घसरून...' मी दोनदा वाचलं. नेहमीचीच भाषा होती.

"काय दिसलं?"

"काही नाही वं."

"मॅडम, ते गाव खारपाणपट्ट्यातलं हाये."

मी तो जबाब तिसऱ्यांदा वाचला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्या पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी ढोरंही नाइलाजाने पितात. प्यायचं पाणी नळाचं किंवा टँकरचं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. सकाळी घागर घेऊन खाऱ्या विहिरीवर प्यायचं पाणी आणायला कोणीच जात नाही.

"अन् घागर," अश्विनी म्हणाली. "पंचनाम्यात घागरच नाही. विहिरीत नाही, काठावर नाही. मी इतक्या कादंबऱ्या वाचल्या, मॅडम, अन् हे मले दिसायले चार महिने लागले."

तिचा आवाज चढला नव्हता. शोधनिबंधातली चूक दाखवावी तशी ती बोलत होती. मग तिने सांगितलं, परीक्षा आटोपल्या की बाबांना घेऊन बुलढाण्याला पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्यायचा, फेरतपास मागायचा. बाबांनी तेव्हा जबाबात एवढंच सांगितलं होतं की संशय आहे, आत्ता काही सुचत नाही. ती वाट अजून उघडी होती. वर्षाची चार वर्षांची मुलगी, आरोही, तेव्हापासून आजोळीच होती. सासरच्यांनी तिला नेण्याची घाई केली नव्हती.

"मले एक पुस्तक पाहिजे," ती म्हणाली. "न्यायवैद्यकाचं. बुडून मेलं म्हणजे शरीरात काय काय होते, अन् आधी मारून टाकलं तर काय होते. शवविच्छेदनाचा कागद मले वाचता आला पाहिजे."

दुसऱ्या गावच्या वैद्यकीय महाविद्यालयात माझी मैत्रीण ग्रंथपाल आहे. तिच्याकडून मी ते आणवलं. जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, फोटो पाहवत नव्हते. अश्विनीने एक प्रकरण झेरॉक्स केलं. मी सवयीने नोंदवही उघडली आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'न्यायवैद्यकशास्त्र. प्रकरण: बुडून झालेले मृत्यू. झेरॉक्स. कु. अश्विनी.' इतक्या वर्षांची सवय. पेन आपोआप चाललं.

वैशाख अर्धा सरला होता. पेपर संपत आले होते. एका दुपारी भाऊसाहेब आले. आमच्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात. परीक्षेची व्यवस्था पाहायला म्हणून आले आणि कूलरच्या गारव्याला माझ्याकडे टेकले. ते आले की मी उभी राहते. तेव्हाही राहिले. त्या दिवशी अश्विनी नव्हती.

चहा मागवला. त्यांनी पंच्याने मान पुसली आणि सहज विचारलं, "काय म्हणते ग्रंथालय? कोणी वाचाले येते का नाही?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. प्राचार्य विचारतात ते पुस्तकं हरवली किती. मी हरखले. म्हटलं, "येते ना साहेब. एक पोरगी येते, पीएच.डी.ची. स्पॅनिश शिकली हाये. परदेशातून कागदं मागवले आम्ही, तथून पत्र आलं." आणि नोंदवही काढून त्यांच्यापुढे उघडून धरली. टाचलेलं पत्र दाखवलं. माझी सही दाखवली.

"वा! वा!" ते म्हणाले. बोट जिभेला लावून पानं उलटू लागले. "आपल्या भागातली हाये?"

"संग्रामपूरकडची."

बोट थांबलं. मी पाहिलं कुठे थांबलं ते. तेव्हा, त्या क्षणी, मला त्यांचं आडनाव आठवलं आणि पंचनाम्याच्या कागदावरचं आडनाव आठवलं, आणि त्यांचं गाव पूर्णाकाठचं आहे हेही आठवलं. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. दोन्ही आडनावं मी महिनाभर शेजारी शेजारी डोक्यात बाळगत होते. जोड लावली नाही. लावायची नव्हती मला, असंही आता वाटतं.

"बुडून झालेले मृत्यू," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हे कायले लागते स्पॅनिशले?"

"ते कादंबऱ्यांत असते ना साहेब. खुनाच्या."

"हो हो. खुनाच्या." त्यांनी वही मिटली. अगदी हळुवार मिटली. चहा संपवला, बशी टेबलावर ठेवली. जाताना म्हणाले, "अक्षर छान हाये तुमचं."

मी त्या दिवशी अश्विनीला फोन करू शकत होते. नंबर त्याच वहीत होता. मी केला नाही. स्वतःला म्हटलं, ते मोठे गृहस्थ आहेत, त्यांना इतकं कुठे लक्षात राहतंय! म्हटलं, चुलत नातं, आपापसात बोलणंही नसेल. संध्याकाळी घरी गेले, कुरडया घातल्या होत्या त्या गच्चीवरून उतरवल्या, डब्यात भरल्या. हात काम करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या तिच्या घरापुढे थांबल्या. हे मला नंतर कळलं, तिच्याच तोंडून. वर्षाचा सासरा, दोन चुलते, गावचा एक मानकरी आणि पाठीमागे बायका. ओरडाआरडा काही नाही. संत्र्याच्या बागेत बाज टाकली, बाबा बसले, हेही बसले. सासऱ्याने आरोहीला मांडीवर घेतलं आणि तिच्याशी खेळत खेळत बोलला. तुमची पोरगी पुस्तकं वाचून आमच्यावर काय काय रचून राह्यली ते आम्हाला कळलं आहे. रचू द्या. नात आमची आहे, कायद्यानेही आमची. केस करा आणि तिचं तोंड विसरा. नाहीतर सही करा, म्हणजे सणावाराला पाठवत जाऊ. कागद तयार करूनच आणला होता. आपल्या मुलीच्या मृत्यूबाबत आपला कोणावरही संशय नाही.

बाबांनी सही केली. त्यांच्याच गाडीतून आरोही गेली. तिची एक चप्पल अंगणात राहिली, ती घ्यायलाही कोणी थांबलं नाही.

अश्विनी तेव्हा आमच्या ग्रंथालयात होती. माझ्या खुर्चीवर, कूलरपुढे. तिला घरून फोन आला, ती उभी राहिली, कागद न आवरताच निघाली. दोन दिवसांनी कागद न्यायला आली तेव्हा तिने मला सगळं सांगितलं. ओढणी सोडली नव्हती, डोळेच दिसत होते. शेवटी म्हणाली, "त्यायले कसं कळलं, मॅडम? मी कोणाले सांगतलंच नव्हतं. बाबाले, अन् तुम्हाले."

"गावात गोष्टी पसरतात," मी म्हटलं.

असं मी म्हटलं.

त्यानंतर ती आली नाही. प्रबंध तिने पुरा केला; मला टपालाने एक प्रत आली. ऋणनिर्देशात माझं नाव होतं, पूर्ण, आईवडिलांच्या लगेच खाली. मी ती प्रत घरी कपड्यांच्या कपाटात ठेवली, साड्यांच्या खाली. कॉलेजात नेऊन दाखल करून घेतली असती तर आमच्या ग्रंथालयातलं ते त्या क्रमांकाच्या आसपासचं पहिलं पुस्तक ठरलं असतं. नाही नेली. भाऊसाहेब वर्षातून दोनदा येतात. मी उभी राहते.

तीन वर्षं माणूस कसं काढतं हे मला विचारू नका. सहज निघतात. सकाळी वर्तमानपत्रं फाइलला लावायची, शिक्के मारायचे, घरी यायचं, मिस्टरांचं पथ्याचं जेवण करायचं. वाईट वाटणं हीसुद्धा एक सवय होऊन जाते, सांधेदुखीसारखी. ती आहे म्हणून कोणी डॉक्टरकडे धावत नाही. फक्त चैत्रात, खुर्च्या गेल्या आणि कक्ष रिकामा झाला, की उभं राहायला जागा फार होते.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी संग्रामपूरची एसटी धरली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

अश्विनी आता गावातूनच मुलांना स्पॅनिश शिकवते. रेंज आली आहे. मला पाहून तिला आनंद झाला, तो मला सहन झाला नाही. तिच्या आईने पाणी आणून दिलं. बाबा बाजेवर बसून संत्र्याच्या रोपांना बांधायच्या सुतळ्या कापत होते, वर बघून "या" म्हणाले आणि पुन्हा कापू लागले. सही केली त्या दिवसापासून ते फारसं बोलत नाहीत, असं ती म्हणाली. आरोही सात वर्षांची झाली आहे. दिवाळीत दोन दिवस येते. मावशीला 'तुम्ही' म्हणते.

मी आत खोलीत बसून सगळं सांगितलं. चहा, नोंदवही, बोट कुठे थांबलं ते, आणि 'गावात गोष्टी पसरतात' हेसुद्धा. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं.

तिने उठून खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही दाखवलं नसतं तरी त्यायनं कुठून तरी काढलंच असतं, असं मी म्हणावं म्हणून आल्या काय?"

"नाही."

"बरं. कारण मी तसं म्हणणार नाही." ती भिंतीकडे बघत होती. "मी बाबावर राग धरला, मॅडम. वाटलं, त्यायनंच कोणापाशी बोलून टाकलं असन. तीन वर्षं मी त्यायच्याशी धड बोलली नाही. एका घरात."

बाहेर सुतळी कापल्याचा आवाज येत होता.

"लिहून देता?" तिने विचारलं. "भाऊसाहेब आले, त्यायनं वही पाह्यली, अन् तिसऱ्या दिवशी हे आले. तारखेनिशी. बाबाची सही कशी घेतली, ते त्याच्यावरून तरी दिसन. वकील म्हणतात, दबाव दाखवता आला तर अर्ज करता येते. तुमच्या नोकरीचं काय होईन ते मले माहीत नाही."

"देते," मी म्हटलं.

तिच्याच टेबलावर बसून लिहिलं. मी अमुक अमुक, व्यवसाय ग्रंथपाल, लिहून देते की. अक्षर चांगलं आलं नाही. दोन ठिकाणी खोडावं लागलं. वहीतल्या त्या पानाची प्रत दुसऱ्या दिवशी काढून पाठवली.

आता अर्ज बुलढाण्याला गेला आहे. मला जबाबासाठी मंगळवारी बोलावलं आहे. कॉलेजातही बातमी पोचली. ग्रंथालयाची कागदपत्रं परवानगीशिवाय बाहेर दिली म्हणून खुलासा मागितला आहे, सात दिवसांत. मिस्टर म्हणाले, "निवृत्तीले चार वर्षं राह्यले, कायले हे उकरून काढलं?" भीती वाटते. या अर्जाचं काही होईल असंही मला खात्रीने वाटत नाही. तीन वर्षांत विहिरीत काय उरलं असेल, आणि जे सांगू शकतात ते सगळे त्याच घरातले.

काल अश्विनीचा फोन आला. "मॅडम, मंगळवारी बाबाही येतो म्हणून राह्यले. सही जबरदस्तीनं घेतली, असं सांगतो म्हणतात."

"अन् आरोही?" मी विचारलं. "ते आता तिले पाठवतीन काय?"

"नाही पाठवणार. दिवाळीचे दोन दिवसही जातीन. मी सांगतलं त्यायले." पलीकडे कोणीतरी खोकलं. "तर ते म्हणाले, 'पोरगी मोठी झाली का एक दिवस येऊन मले इचारन, आबा, तुम्ही सही काऊन केली होती. तेव्हा मी तिले काय सांगू?'"